खिळ्यावरचा कप

समासात मी लाल शाईनं एकच शब्द लिहिला होता, ‘कसे?’ आणि तो वाचून मुलमुले साहेब गॅलीचं प्रूफ हातात घेऊनच माझ्या टेबलाशी आले.

“खोब्रागडे बाई, हे काय आहे?”

“शंका आहे, साहेब.”

“तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घ बघायला ठेवलं आहे. शंका काढायला वाचक आहेत न.”

“वाचकालाही हीच येईल. बघा, अजिंक्य राजे कपाटाकडे बघतो आणि म्हणतो, हा पुतण्या खरा नव्हे, तोतया आहे. कपाटात त्याला दिसलं काय? एक जुना कप. जुना कप दिसला म्हणून माणूस तोतया कसा ठरेल?”

मुलमुल्यांनी तो परिच्छेद चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा वाचला. मग चष्मा खाली घेऊन आणखी एकदा.

“अजिंक्य राजेला सगळं कळतं,” ते म्हणाले. “सदतीस पुस्तकं झाली. आजवर कोणी विचारलं नाही.”

“सदतीस पुस्तकांत कळण्यासारखं काहीतरी असायचं.”

“मग जा, सरांना विचारून या. पण सोमवारी मला शेवटचे फर्मे मशीनवर पाहिजेत.”

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलची. नागपूरला बर्डीवर एका बोळात मुलमुल्यांचा छापखाना होता आणि त्यातून दर महिन्याला ‘निशाचर रहस्यमाला’ निघायची. मी चोवीस वर्षांची होते, इंदोऱ्याच्या वस्तीतून सायकलनं यायचे आणि दिवसभर प्रुफं तपासायचे. ही नोकरी मला पांढरीपांडे सरांमुळे मिळाली होती. सर शाळेत मला दोन वर्षं इंग्रजी शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर ते रहस्यमालेसाठी लिहू लागले. लिहू लागले म्हणजे, रविवारी बर्डीच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं घ्यायची आणि त्यांना मराठी कपडे चढवायचे. लंडनचं पुणं व्हायचं, शिकागोची मुंबई व्हायची, आणि गुप्तहेर कोणत्याही देशाचा असो, तो अजिंक्य राजे व्हायचा. गोरापान, मोटार चालवणारा, आणि खुनाच्या जागी पोचल्यावर आधी सिगारेट पेटवणारा. मूळ लेखकाचं नाव कुठे छापत नसत. तशी पद्धतच होती.

त्याच दुपारी मी धंतोलीला सरांच्या घरी गेले. सर बाहेर गेले होते. सुमतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पुढच्या खोलीत पेपर वाचत बसल्या होत्या. रहस्यकथांचं वेड सरांपेक्षा त्यांनाच जास्त. सर लिहितील ते पहिल्यांदा त्या वाचायच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच खुनी सांगून मोकळ्या व्हायच्या. सर त्याच्यावर चिडायचे.

“या वेळचं वाचलं का, काकू?”

“नाही गं, या खेपेला यांनी दाखवलंच नाही. म्हणे, जमलं नाही नीट.” टेबलावरचं एक पुस्तक त्यांनी माझ्यासमोर धरलं. “हे बघ, यावरून केलंय. अडत असेल तर घेऊन जा. हे आले की सांगते मी.”

पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटून गेलेलं होतं. आतल्या पानावर लेखकाचं नाव होतं, एल. एम. पेटिग्रू, आणि अमेरिकेतल्या एका प्रकाशकाचा पत्ता.

माझं इंग्रजी तेव्हा बेताचं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी दोन दिवस ते पुस्तक वाचलं. पहिल्या पानालाच थबकले. यातला गुप्तहेर मोटारीतून आलाच नव्हता. त्याचं नाव एमॉस टल. काळा माणूस, निग्रो म्हणायचे तेव्हा. तो शिकागोतल्या श्रीमंत गोऱ्यांच्या घरी कोळसा पोचवायचा. मागच्या गल्लीतून यायचा, तळघरात पोतं रिकामं करायचा, आणि घरची बाई मेहरबान असेल तर मागच्या पडवीत पायरीवर बसून कपभर कॉफी प्यायचा. इंदोऱ्यातली तरुण पोरं त्या काळात अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीबद्दल तावातावानं बोलत. मी ऐकायचे. पण त्यातला कोणी रहस्यकथेचा नायक असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. एका म्हाताऱ्या श्रीमंत विधवेकडे वीस वर्षांनी तिचा पुतण्या परत येतो. लहानपणी बारा वर्षांचा होईपर्यंत तो त्याच घरात वाढलेला असतो. महिन्याभरात विधवा विषानं मरते. पुतण्यावर कोणाचा संशय जात नाही. अंत्यविधीच्या दिवशी एमॉस कोळसा घेऊन येतो, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून त्याला काचेचं कपाट दिसतं, आणि कपाटात, घरातल्या चांगल्या कपांच्या रांगेत, त्याला त्याचा स्वतःचा कप दिसतो.

तो कप मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असायचा. मूळचा त्याच संचातला. टवका उडाला म्हणून बाहेर गेलेला, आणि बाहेर गेला तो एमॉससाठी. पुतण्यानं विधवेला पडवीत विष घातलेली कॉफी दिली, स्वतःसाठी हाताशी आला तो कप घेतला, मग दोन्ही कप धुऊन पुसून कपाटात लावले. एकाच नक्षीचे दिसले, म्हणून शेजारी शेजारी. पुढचं वाक्य मी शब्दकोश न बघता वाचलं. एमॉस मनात म्हणतो, ‘या घरात वाढलेल्या पोराला चालता येण्याआधी एवढं कळतं, की हा कप आत जात नाही. हा माणूस या घरचा नाही.’

मी पुस्तक मिटलं. आई पलीकडे ज्वारी पाखडत होती. ती म्हणाली, “काय झालं गं? काहून थांबली?”

“काही नाही,” मी म्हणाले.

सरांच्या घरी मी तीन वर्षं दर गुरुवारी जात होते. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. सर आणि मी कच्चं लिखाण तपासायचो. मग काकू चहा आणायच्या. सरांचा चहा कपबशीत, स्वयंपाकघरातून. माझा कप अंगणातल्या नळाशेजारच्या कोनाड्यातून यायचा. त्याच्यावर गुलाबी फूल होतं आणि काठाचा टवका उडालेला होता. चहा झाला की तो विसळून परत कोनाड्यात पालथा घालायचं काम माझं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी काकू कप घ्यायला आल्या नाहीत, एवढंच. मग मी उठले.

आणि हे माझ्या मनाला लागत नव्हतं असं नाही. पण त्याच बाईंनी मला बी.ए.ची पुस्तकं दिली होती, परीक्षेच्या दिवसांत डबा भरून पाठवला होता. मी त्या कोनाड्याकडे न बघायला शिकले होते.

शनिवारी सर स्वतःच छापखान्यात आले. हातात छत्री, डोक्यावर ओला पंचा. ऊन मी म्हणत होतं. मी त्यांना मागच्या कागदाच्या गोदामात नेलं, तिथे थंड असायचं. पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

“वाचलं, सर.”

“सगळं?”

“सगळं. तुम्ही कपाची गोष्ट काढून टाकलीत. तीच तर सगळी गोष्ट आहे.”

सर कागदाच्या रिमावर बसले. पंचा काढून मांडीवर ठेवला.

“आपल्याकडे बसत नव्हतं ते,” ते म्हणाले.

“बसत नव्हतं?”

ते माझ्याकडे बघेनात. “अजिंक्य राजेला परसातला कप कोण देईल? तो पुढच्या दारानं येतो.”

“मग अजिंक्य राजे नको. लाकडं फोडणारा घ्या. धरमपेठेत बंगला, परसात लाकडं फोडायला येणारा माणूस. तो कप बघेल. सर, एक शब्दही बदलावा लागणार नाही. शिकागोहून नागपूरला गोष्ट इतकी सरळ आजवर कधीच आली नसेल.”

सरांनी पंचाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मशीनचा आवाज येत होता.

“रत्नमाला,” ते शेवटी म्हणाले, “तो कप मी ओळखला. पहिल्या वाचनातच ओळखला. म्हणूनच गाळला.”

मी उभीच होते. तीन वर्षं मला वाटत होतं, की सर पुढच्या खोलीत बसतात, कागदात डोकं घालून असतात, त्यांना दिसत नसेल. त्या समजुतीवर मी पुष्कळ काही उभं केलं होतं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“हो.”

“मग काही बोलला नाहीत कधी?”

“नाही बोललो.” त्यांचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा, सरळ होता. “हिला वाईट वाटेल म्हणून तिला बोललो नाही. तुला वाईट वाटेल म्हणून तुला बोललो नाही. असं स्वतःला सांगत होतो. खरं कारण, बोलायला लागलं असतं म्हणून बोललो नाही.”

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही नीट येईना. ज्यानं तुम्हाला इंग्रजी शिकवलं, त्याच्यावर त्याच इंग्रजीत वाचलेलं पुस्तक धरून रागावायचं, हे मला अवघड जात होतं.

“पुन्हा लिहू या,” सर म्हणाले. “हवं तसं. तू सांग, मी लिहितो. उद्या घरी ये, सकाळीच बसू.”

“इथे बसू, सर.”

त्यांनी मान वर केली. त्यांना कळलं. “बरं,” ते म्हणाले. “इथे बसू.”

मुलमुल्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

“लाकूडफोड्या? रहस्यकथेचा नायक? सर, मुखपृष्ठावर मी दाखवू काय, कुऱ्हाड?”

“दाखवा की,” सर म्हणाले. “खुनाचीच कादंबरी आहे.”

“आणि हे कपाचं प्रकरण! अहो, आता चौऱ्याहत्तर साल आहे. कुठे राहिलं आहे असं? वाचकाला अर्थच लागणार नाही. तो म्हणेल, हे काय काढून राहिले?”

“अर्थ लागला नाही तर पुढच्या महिन्यापासून अजिंक्य राजे परत आणतो,” सर म्हणाले. “पण हे पुस्तक असंच जाईल. नाहीतर माझं नाव काढा, आणि पुढची पुस्तकं दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या.”

मुलमुल्यांना माहीत होतं, की दर महिन्याला न चुकता लिहून देणारा दुसरा कोणी नागपुरात नाही. ते नुसते गॅलीचा कागद गुंडाळत उभे राहिले. तेवढ्यात मी म्हणाले, “आणि मूळ लेखकाचं नाव छापायचं.”

“म्हणजे तो आपल्यावर दावा ठोकेल!”

“मी त्याला पत्र लिहून परवानगी मागते.”

“उत्तर कधी येणार?”

“येईल तेव्हा येईल. नाव आधी छापू.”

मुलमुले सरांकडे बघत म्हणाले, “तुम्हीच आणली होती न ही पोरगी?” पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शेवटी पंधरा दिवसांची मुदत मिळाली, अंक उशिरा निघाला, आणि लेखकाचं नाव अखेरच्या पानावर बारीक टायपात घ्यायचं ठरलं.

ते पंधरा दिवस आम्ही गोदामात बसलो. खिडकीला वाळ्याची ताटी लावली होती, तिच्यावर मधूनमधून पाणी मारायचं, आणि तो ओला वास सगळ्या कागदांना लागायचा. आज वाळ्याचं सरबत कोणी पुढे केलं तरी मला त्या कादंबरीतली वाक्यं आठवतात. सरांची लेखणी झरझर चालायची. मी समोर बसून ऐकायचे आणि मधेच थांबवायचे.

नायकाचं नाव आम्ही दौलत मेश्राम ठेवलं. सरांनी लिहिलं, ‘बाईंनी दौलतच्या हातात कप दिला.’

“हातात देत नाहीत, सर. खाली ठेवतात. मग बाजूला होतात. मग आपण उचलायचा.”

सरांनी खोडून लिहिलं.

“आणि चहा वरून ओततात. किटली कपाला लागता कामा नये.”

हेही त्यांनी लिहिलं. मग लेखणी थांबली. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. “पुढे सांग,” म्हणाले.

एक दिवस मी त्यांना विचारलं, “हा पेटिग्रू गोरा असेल की काळा?”

“काळाच. बाहेरून बघून असं लिहिता येत नाही. बघ ना, दौलतला, म्हणजे एमॉसला, सबंध पुस्तकात एकदाही चीड आलेली दाखवली नाही. तो नुसता बघतो. बाहेरचा लेखक असता तर त्यानं चार वेळा त्याच्या मुठी वळवल्या असत्या.”

मला ते पटलं. मला स्वतःलाही मुठी वळल्याचं आठवत नव्हतं.

एके दुपारी काम संपलं तेव्हा सर म्हणाले, “सदतीस पुस्तकं लिहिली गं. हे पहिलंच पुस्तक, जे मला दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं.” मी हसले. त्या महिन्यात मी त्यांच्यावर रागावलेली होते आणि त्याच महिन्यात मी सर्वांत सुखी होते. दोन्ही एकदम कसं असू शकतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण होते.

पुस्तक मेअखेरीस निघालं. मुखपृष्ठावर खरंच कुऱ्हाड होती. आमच्या इंदोऱ्यात ते इतक्या हातांतून गेलं, की माझ्या वडिलांची प्रत परत आली तेव्हा तिची पानं सुटी झाली होती. गिरणीच्या फाटकाशी वडिलांना लोक विचारायचे, “खोब्रागडे बुवा, तुमच्या पोरीनं लिहिलं म्हणते?” वडील म्हणायचे, “पोरीनं प्रुफं पाहिली.” पण छाती काढून म्हणायचे.

बाकी गावांहून मुलमुल्यांना पत्रं आली, नेहमीपेक्षा जास्त. एक दिवस त्यांनी तो गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला.

“घ्या. तक्रारी.”

“नायकाबद्दल?”

“दोघा-तिघांची तशी आहे. बाकीचे म्हणतात, रहस्य फार सोपं होतं. खुनी मधेच ओळखू आला.”

मी पत्रं चाळली. पुण्याचं एक होतं, साताऱ्याचं, अमरावतीचं, आपल्या धरमपेठेतलीच दोन. ‘कप कपाटात ठेवल्याचे वाचताच आम्ही ओळखले,’ असं एकानं लिहिलं होतं. ‘लेखकाने याहून अवघड धागा योजावयास हवा होता.’ कसं ओळखलं, ते कोणीच लिहिलं नव्हतं.

“साहेब,” मी म्हणाले, “तुम्ही तर म्हणाला होता, वाचकाला अर्थच लागणार नाही.”

मुलमुल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग गठ्ठा उचलून आपल्या खोलीत गेले. त्या दिवसापासून त्यांनी मला समासात शंका लिहायला कधी मनाई केली नाही.

सर मात्र एका गोष्टीनं बेचैन होते. “ही काहीच बोलत नाही,” ते मला म्हणाले. “पुस्तक वाचलं. एका बैठकीत वाचलं. खुनी कोण ते कधी कळलं, विचारलं, तर म्हणाली, कणीक भिजवायची आहे.”

मी त्यांच्या घरी गेले नव्हते. एप्रिलपासून दर गुरुवारी सरच छापखान्यात यायचे.

अमेरिकेचं पत्र डिसेंबरात आलं. पातळ निळ्या कागदाचं, छापखान्याच्या पत्त्यावर, माझ्या नावाचं. मी ते तिथल्या तिथे फोडलं आणि पहिल्या दोन ओळींत गडबडले. सर त्या वेळी घोटा मोडून घरी पडून होते. मी मुलमुल्यांना सांगितलं, सायकल काढली आणि आठ महिन्यांनी धंतोलीच्या त्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. जरा वाळल्या होत्या. “ये,” म्हणाल्या, आणि आत गेल्या. सर पलंगावर होते, पाय उशीवर. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि पत्र दिलं.

“अरे,” सर दोन ओळी वाचून म्हणाले. “ही बाई आहे!”

“तेच मला कळेना.”

“लुएला मे पेटिग्रू. एल. एम. आपण खुशाल ‘तो’ म्हणत बसलो.” ते मोठ्यानं मराठीत सांगत पुढे वाचू लागले. काकू तांदळाचं ताट घेऊन दाराशी येऊन बसल्या.

बाईंनी लिहिलं होतं, की त्या आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि मुलीकडे राहतात. बावीस वर्षं त्यांनी तीन घरांत स्वयंपाकीण म्हणून काम केलं. पुस्तक त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर लिहिलं, दुपारी, घरातली माणसं झोपलेली असताना. प्रकाशकानं नावाची नुसती आद्याक्षरं घातली आणि फोटो घातला नाही, म्हणजे बाई आहे हेही कळू नये आणि काळी आहे हेही. पुस्तक फार चाललं नाही. ते कधीच रद्दीत गेलं असेल असं त्यांनी धरलं होतं. आणि आता ज्या गावाचं नाव त्यांच्या मुलीला नकाशात शोधायला लागलं, तिथून हे पत्र. परवानगी कसली मागतेस, त्यांनी लिहिलं होतं. एक प्रत पाठव. वाचता येणार नाही, पण उशाशी ठेवीन.

सर थांबले. घोटभर पाणी प्यायले आणि पुढे वाचू लागले.

‘पुस्तक निघालं तेव्हा एका मोठ्या वर्तमानपत्रानं लिहिलं, की यातला खुनी ओळखणं कुठल्याही वाचकाला शक्य नव्हतं, कपाचा धागा म्हणजे लेखकाची लबाडी आहे. ते लिहिणाऱ्याच्या आईच्या घरी मी स्वयंपाक केलेला होता. तो कप त्याला माहीत होता. पण ओळखलं म्हटलं, तर कशावरून ओळखलं तेही सांगावं लागलं असतं. माझ्या लोकांनी मात्र लगेच ओळखलं. म्हणून मला तुला एक विचारायचं आहे. तुमच्याकडे खुनी कोणी ओळखला? आणि कसा ओळखला, ते कोणी तुला सांगितलं का?’

पत्र तिथेच संपत होतं. खाली सही होती, पूर्ण नावाची.

सरांनी कागद घडी करून छातीवर ठेवला. मी तक्रारींचा तो गठ्ठा आठवत होते. मुलमुल्यांकडे अजून असेल, त्यातली दोन-चार पत्रं भाषांतर करून पाठवावीत, असं काहीतरी मनात चाललं होतं.

“लिही तिला,” काकू म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान खाली होती. बोटं तांदळातून फिरत होती, पण खडा एकही काढत नव्हती.

“लिही, की मी ओळखला. कप कपाटात ठेवला तिथेच. माझ्या हातून पुस्तक खाली पडलं.”

“काकू,” मी म्हणाले, “राहू द्या.”

“राहू कशाला देऊ? ती विचारते आहे ना, कसा ओळखला? तेही लिही. म्हणावं, धंतोलीत एक बाई आहे, तिच्या घरी तसाच कप होता. तिनंच ठेवलेला. सासूनं ठेवायला लावला असं काही लिहू नकोस, सासू तोवर गेलेली होती. आणि नाव घाल. सुमती गोविंद पांढरीपांडे. पूर्ण घाल.”

सर पलंगावर उठून बसायला बघत होते. काकूंनी त्यांना हातानंच थांबवलं. मग त्यांनी मान वर केली. तीन वर्षं दर गुरुवारी मी त्यांच्यासमोर बसले होते. पण त्यांच्या डोळ्यांचा रंग पिंगट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

“आणि एक लिही,” त्या म्हणाल्या. “की हे मी आधी तुला, रत्नमाला, सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही. तिच्या पत्रात लिहिते आहे.”

मी पिशवीतून कागद काढला. उत्तर तिथेच, सरांच्या पलंगाच्या कडेशी बसून लिहिलं. सर वाक्यं सांगत गेले, इंग्रजी शब्द अडला की आम्ही थांबायचो. आपलं नाव इंग्रजीत कसं लिहिलं, ते काकूंनी एकेक अक्षर करून मला दोनदा विचारलं.

काकूंच्या शेवटच्या वाक्याशी आलो, ‘हे मी आधी तिला सांगायला हवं होतं,’ तेव्हा सर अडले. मी वाट बघितली. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या वाक्याचं इंग्रजी मीच केलं.